लेखणीची मुखत्यारी

एकाच लेखावर अनेकांचे हात चालू लागले, की त्या लेखाच्या गुणदोषांची चर्चा सुरू होण्यापूर्वीच एक निराळा प्रश्न पुढे उभा राहतो: तो लेख वाचावा कोणी, त्यात भर घालावी कोणी, दुसऱ्याने लिहिलेले खोडावे कोणी, आणि या तिन्ही गोष्टींची परवानगी देण्याचा व ती काढून घेण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा. संगणकाच्या सामाईक व्यवस्थांनी गेल्या साठ वर्षांत या प्रश्नास नवे स्वरूप दिले हे खरे. परंतु त्याचा जन्म काही संगणकाबरोबर झाला नाही. शिवकालीन गडाच्या कारभारात हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान दर्जाचे अधिकारी नेमलेले असत, कोठी व दाणागोटा पाहणारा कारखानीस त्यांखेरीज असे, आणि यांपैकी कोणाही एकास इतरांना न विचारता परभारे गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा त्या विभागणीतील स्पष्ट हेतू सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पत्रव्यवहारातही मजकूर जेथे संपला तेथेच मोर्तब उमटवण्याची चाल होती, ती एवढ्याचसाठी की मागाहून कोणी एखादी ओळ त्यात घुसडू नये. अधिकार वाटून देणे, आणि दिलेल्या अधिकाराचा गैरवापर झाल्यास तो उघडकीस येईल अशी तजवीज करणे, ही दोन कामे तेव्हाही जोडीनेच केली जात. अलीकडच्या व्यवस्थांत पहिले काम मोठ्या हिरीरीने होते आणि दुसऱ्याकडे सर्रास दुर्लक्ष होते, असे माझे मत झाले आहे. ते मत का झाले, हे सांगण्यासाठीच हा आढावा.

संगणकाच्या इतिहासात परवानगीचा प्रश्न उद्भवला तो यंत्र सामाईक झाले तेव्हा. जोवर एका वेळी एकच माणूस यंत्रापुढे बसत होता, तोवर खोलीचे कुलूप हीच काय ती सुरक्षितता. १९६१ साली अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेकांना एकाच वेळी एकच यंत्र वापरू देणारी प्रणाली चालवून दाखवली, आणि निरनिराळ्या माणसांचे कागद एकाच तबकडीवर शेजारीशेजारी राहू लागले. तेव्हा ज्याचा त्याचा ऐवज ज्याच्या त्याच्यापुरता राखण्यासाठी परवलीचा शब्द आला. परंतु सर्वांचे परवलीचे शब्द ज्या यादीत लिहून ठेवलेले होते, ती यादीदेखील त्याच यंत्रातील एक फाइल होती. अॅलन शेर या विद्यार्थ्यास संशोधनासाठी ठरवून दिलेला यंत्राचा वेळ पुरेना. तेव्हा १९६२ साली त्याने ती यादी छापण्याची रीतसर मागणी छिद्रपत्रावर नोंदवली, आणि छपाईविभागाने ती मुकाट्याने छापून दिली. पुढे त्याच दशकात याहून विलक्षण घटना घडली. एक व्यवस्थापक परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत असता दुसरा एकजण त्या दिवसाची सूचना लिहीत होता. कच्चा मजकूर ठेवण्यासाठी प्रणाली दोघांनाही एकच नाव देत होती, कारण त्या कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करील असे तिच्या कर्त्यांनी गृहीत धरले होते. आणि परिणामी दोन मजकुरांची अदलाबदल होऊन, जो जो यंत्रात प्रवेश करी त्याच्या पुढ्यात सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी उभी राहू लागली. या दोन्ही प्रसंगांत बाहेरून कोणी भिंत फोडून आत आला नव्हता. एकात छापण्याची साधी परवानगी नको त्या कागदापर्यंत पोचली, दुसऱ्यात दोन अधिकृत माणसांनी आपापले अधिकृत कामच केले. परवानगीच्या व्यवस्थेतील बहुतेक अनर्थ आजही याच दोन वाटांनी येतात.

यानंतर आलेल्या मल्टिक्स या प्रणालीने प्रत्येक फाइलीसोबत तिच्यावर कोणाकोणाची कशी सत्ता आहे याची यादी ठेवण्याची पद्धत घातली. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सने मात्र ती पद्धत फारच आटोपशीर केली. युनिक्समध्ये फाइलीच्या दृष्टीने जगात तीनच प्रकारची माणसे असतात: मालक, मालकाचा गट आणि बाकीचे सर्व, आणि तीनच क्रिया असतात: वाचणे, लिहिणे व चालवणे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ असे अंक धरून त्यांची बेरीज केली, की ६४० एवढ्या तीन अंकांत संपूर्ण सनद मावते: मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांनी काहीच करू नये. या मांडणीचे सौंदर्य असे, की ती ज्यास शिकवली त्यास ती दुसऱ्या दिवशीही आठवते. तिची मर्यादाही तितकीच ठळक आहे. गटातील दोघांना लिहू द्यावे व तिसऱ्याने फक्त वाचावे, एवढी क्षुल्लक इच्छा ९ खुणांत सांगता येत नाही. त्यासाठी नवा गट काढावा लागतो, आणि असे गट वाढत गेले म्हणजे कोण कोणत्या गटात का आहे हे सांगणारा माणूस कालांतराने कचेरीत उरत नाही. म्हणून मल्टिक्सची नावनिशीवार यादी पुढे युनिक्सच्या वंशजांतही परतली.

रिची यांची आणखी एक कल्पना येथे नमूद केली पाहिजे. स्वतःचा परवलीचा शब्द बदलण्याची मुभा प्रत्येकास हवी, परंतु तो शब्द ज्या फाइलीत राहतो तिला हात लावण्याची मुभा कोणासही नको, अशा पेचावर त्यांनी उपाय काढला तो असा, की ती मुभा माणसास न देता एका विशिष्ट आज्ञावलीस द्यावी. माणसाने त्या आज्ञावलीस काम सांगावे आणि तिने मालकाच्या वतीने तेवढेच काम करून द्यावे. या कल्पनेचे पेटंट १९७९ मध्ये मंजूर झाले. मुखत्यारपत्राची ही यंत्रातील आवृत्ती होय, आणि मुखत्याराविषयी जी काळजी घ्यावी लागते तीच येथेही घ्यावी लागते: मुखत्यार भोळा असला, तर भलत्याच माणसाच्या सांगण्यावरून तो मालकाची मिळकत लिहून देतो.

या सर्व अनुभवाचे शास्त्र झाले ते १९७५ साली. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात संगणकातील माहितीच्या रक्षणाची आठ तत्त्वे मांडली, आणि या विषयावर त्यानंतर लिहिल्या गेलेल्या पुष्कळशा लेखनाकडे त्या निबंधाचे भाष्य म्हणून पाहता येते. प्रत्येकास त्याच्या कामास लागेल तेवढाच अधिकार असावा. परवानगी दिल्याचा स्पष्ट दाखला नसेल तर ती नाही असेच मानावे. महत्त्वाचे कुलूप एका किल्लीने न उघडता दोन किल्ल्यांनी उघडावे. ही तत्त्वे आज सर्वतोमुखी आहेत. परंतु त्यांच्या यादीतील एका तत्त्वाची व्हावी तशी कदर झालेली नाही, आणि ते म्हणजे रक्षणाची व्यवस्था वापरणाऱ्या माणसाच्या अंगवळणी पडेल अशी सोपी असली पाहिजे. ज्या कचेरीत परवानगी मिळवण्यास आठ दिवस लागतात आणि काम मात्र आजच्या आज हवे असते, त्या कचेरीत वरिष्ठाचा परवलीचा शब्द लिपिकाला तोंडपाठ असतो. तेथे कागदोपत्री व्यवस्था अत्यंत कडक असते आणि वस्तुतः व्यवस्थाच नसते. शिवाय काही गैर घडलेच, तर नोंदीत नाव निघते ते ज्याने काम केले नाही त्याचे. अशा वेळी नियम मोडणाऱ्या लिपिकास दोष देणे सोपे आहे, परंतु तो दोष मी तरी नियम करणाऱ्याच्या पदरीच घालीन.

त्या निबंधाच्या पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, मायकेल हॅरिसन, वॉल्टर रुझो आणि जेफ्री उलमन यांनी गणिताच्या मार्गाने एक गंभीर निष्कर्ष काढला. अधिकार देण्याघेण्याचे नियम पुरेसे मोकळे असतील, तर अमुक एक अधिकार अमुक माणसाच्या हाती केव्हा तरी जाऊन पडेल की नाही, हे अगोदर ठरवून देणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वातच असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. कारभाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ इतकाच, की लिहिण्याची परवानगी देणे फारसे धोक्याचे नाही; परवानगी देण्याची परवानगी देणे हे खरे धोक्याचे. पहिलीचा परिणाम डोळ्यांसमोर राहतो. दुसरीचा परिणाम कोठवर जाईल हे देणाऱ्यास सांगता येत नाही.

पदानुसार अधिकार देण्याच्या पद्धतीविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. डेव्हिड फेरायलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये तिची रीतसर मांडणी केली, २००४ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले, आणि आज बँकांपासून महाविद्यालयांपर्यंत सर्वत्र तीच चालते. अधिकार माणसास न चिकटता पदास चिकटतात, म्हणून बदलीच्या दिवशी गोंधळ होत नाही, हा तिचा गुण. बदली झालेल्या माणसाचे जुने पद काढून घेण्याची कोणालाच आठवण राहत नाही, आणि दहा वर्षे नोकरी केलेल्या माणसापाशी पाच खात्यांच्या किल्ल्या साठतात, हा तिचा सर्वत्र आढळणारा दोष.

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व विचारांत एक गृहीत समान आहे: परवानगी आधी, कृती मागून. हे गृहीतच उलटे करून पाहणारा प्रयोग एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाला, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयातील सर्वांत बोधप्रद भाग तोच होय. न्यूपीडिया या नावाने २००० साली एक विनामूल्य ज्ञानकोश निघाला होता. त्यात लेख छापला जाण्यापूर्वी तज्ज्ञांच्या परीक्षणाच्या ७ पायऱ्या चढाव्या लागत, आणि पहिल्या वर्षभरात जेमतेम २० च्या आसपास लेख त्या चढून वर आले. आपल्याकडे वाईच्या मराठी विश्वकोशानेही हाच मार्ग पत्करला होता; तो हाती घेणाऱ्या मंडळाची स्थापना १९६० ची आणि पहिला खंड १९७६ चा. विश्वकोशाच्या बाबतीत तो काळ व्यर्थ गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्या संथपणातून जी प्रमाणभूतता आली तिच्यावर मराठी अभ्यासकांच्या दोन पिढ्या पोसल्या. परंतु न्यूपीडियापाशी ना विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे नेतृत्व होते ना सरकारी अनुदानाचा आधार, आणि म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी त्याच्याच शेजारी विकिपीडिया सुरू झाला, जेथे कोणीही यावे, लिहावे, आणि चुकले तर दुसऱ्याने सुधारावे. हे धाडस शक्य झाले ते एका तांत्रिक तजविजीमुळे: तेथे पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती जशीच्या तशी जपून ठेवलेली असते, कोणी कोणत्या क्षणी काय बदलले हे सर्वांना पाहता येते, आणि बिघडलेले पान पूर्ववत करण्यास बिघडवण्याहून कमी श्रम पडतात. जेथे प्रत्येक कृती उलटवता येते, तेथे आधी परवानगी मागण्याचे प्रयोजन पुष्कळसे संपते.

पुष्कळसे संपते, सर्वस्वी नाही. २००५ साली जॉन सीगेंथॅलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणा अनामिकाने केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर लिहिला, आणि तो चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्या प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर इंग्रजी विकिपीडियाने डिसेंबरमध्ये नोंदणी न केलेल्यांचा नवीन पान काढण्याचा अधिकार काढून घेतला. हा उपाय मला अपुरा वाटतो, कारण तेथे लिहिणाऱ्याची मोकळीक हे अनर्थाचे निम्मेच कारण होते. उरलेले निम्मे हे की ते पान कोणाच्याही पहाऱ्यात नव्हते. जर्मन विकिपीडियाने २००८ मध्ये काढलेली तोड अधिक विचाराची आहे: नवख्याने लिहावे, त्याचे लिखाण लगेच दाखलही व्हावे, परंतु एखाद्या जाणत्या सदस्याने ते डोळ्यांखालून घातल्यावरच ते सामान्य वाचकापुढे यावे. याउलट पोर्तुगीज विकिपीडियाने २०२० मध्ये नोंदणीवाचून लिहिण्याची मुभाच बंद केली. इंग्रजीत आता पायऱ्यापायऱ्यांची रचना आहे: नोंदणीस ४ दिवस व १० संपादने झाली की पहिले निर्बंध उठतात, ३० दिवस व ५०० संपादने झाली की अतिवादग्रस्त विषयांची पानेही खुली होतात, आणि पान वगळणे, गोठवणे, सदस्यास प्रतिबंध करणे ही कामे निवडून आलेल्या प्रचालकांकडे राहतात.

या प्रचालकांवर कोणाचा अंमल, हा खरा गाभ्याचा प्रश्न. आणि विकिपीडियाच्या नियमांतील माझ्या मते सर्वांत शहाणा नियम याच प्रश्नाचे उत्तर देतो. निरनिराळ्या नावांमागे एकच माणूस दडलेला आहे काय, हे तपासण्यासाठी सदस्यांचे अंकपत्ते (आयपी अॅड्रेस) पाहण्याचा एक नाजूक अधिकार तेथे आहे. ज्या भाषेच्या प्रकल्पात तो द्यावयाचा, तेथे तो किमान दोघांना द्यावा किंवा कोणासही देऊ नये, असा दंडक आहे, जेणेकरून एकाने कोणाकोणाची तपासणी केली हे दुसऱ्यास पाहता यावे. गडावरील तिघा अधिकाऱ्यांमागचा हेतू येथे तंतोतंत आढळतो. तसेच, संपूर्ण संकेतस्थळाच्या वर्तनावर परिणाम करणारी आज्ञावली बदलण्याचा अधिकार पूर्वी प्रत्येक प्रचालकास आपोआप मिळत असे. एका प्रचालकाचे खाते चोरीस गेले तर लक्षावधी वाचकांच्या यंत्रांपर्यंत हात पोचेल हे ध्यानी येऊन २०१८ मध्ये तो निराळा काढून अगदी मोजक्यांकडे सोपवण्यात आला. साल्टझर आणि श्रोडर यांचे कामापुरत्याच अधिकाराचे तत्त्व अमलात येण्यास तेथेही १७ वर्षे लागली.

आणि तरीही क्रोएशियन विकिपीडियाचे प्रकरण घडले. २०११ च्या सुमारापासून प्रचालकांच्या एका लहानशा गटाने त्या प्रकल्पाचा कबजा घेतला. दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा राजवटीचे अत्याचार सौम्य करून सांगणारे, यासेनोवात्सच्या छळछावणीचे स्वरूप झाकणारे लेख तेथे नांदू लागले. आणि जो सदस्य हरकत घेई त्यास प्रतिबंध होऊ लागला. २०१३ मध्ये गोष्ट इतक्या थरास गेली, की क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना आपल्याच भाषेतील तो कोश वापरू नका असे सांगितले. हे सारे प्रचालकांनी नियम मोडून केले असते तर ते लवकर थांबले असते. परंतु प्रचालकाची निवड सदस्यांच्या मताने होते, मत देऊ शकणारे सदस्य कोण हे प्रतिबंधाच्या अधिकाराने ठरते, आणि प्रतिबंधाचा अधिकार प्रचालकांकडे असतो. हे वर्तुळ एकदा पुरे झाले, की प्रत्येक पाऊल नियमास धरून टाकीत अन्यायाचा कारभार कितीही वर्षे चालवता येतो. त्यातच एकाच माणसाने अनेक नावांनी वावरण्याची भर पडली. २०२० च्या अखेरीस त्या गटाच्या म्होरक्यास सर्व प्रकल्पांतून कायमचे बहिष्कृत करण्यात आले, आणि २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने प्रसिद्ध केलेल्या अहवालात या कबज्याची साद्यंत हकीकत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात चिनी विकिपीडियावरील ७ जणांवर प्रतिष्ठानने बंदी घातली व १२ जणांचे प्रचालकत्व काढून घेतले. बाहेरच्या सत्तेने असा हस्तक्षेप करावा काय, यावर प्रामाणिक मतभेद आहेत, आणि ज्यांना स्वायत्तता प्रिय आहे त्यांची अस्वस्थता मला समजते. परंतु आतील दाद मागण्याची वाट ज्यांनी बुजवली त्यांच्या स्वायत्ततेचे रक्षण करणे म्हणजे बाकी सर्वांची स्वायत्तता खालसा करणे होय, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

महाराष्ट्राच्या नित्याच्या व्यवहारात या विषयाचा उत्तम नमुना शोधावयाचा तर तो जमिनीच्या फेरफारात सापडतो. खरेदीखत झाले किंवा वारसाने हक्क आला, की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. तिची नक्कल चावडीवर लावली जाते. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत वेगळी दाखल होते. आणि नोंद लिहिणाऱ्याहून निराळ्या, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याच्या वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राखेरीज ती नोंद पक्की होत नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत घालून दिलेली ही रीत आता संगणकावर चालते. लिहिणारा एक, पक्के करणारा दुसरा, आणि मधल्या मुदतीत गावाला पाहण्याची संधी: ही तीन अंगे शाबूत असतील तोवर तलाठ्याच्या हातातील लेखणी कागदाची आहे की काचेची, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो चावडीवरची नक्कल कोणी वाचीनासे झाले म्हणजे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्यासही प्रचालक आहेत, चर्चेची चावडी आहे, आपोआप काम करणारे सांगकामे आहेत, सरावासाठी धूळपाटी आहे. मराठीसारख्या भाषेतील सामाईक लेखनास उत्पाती नवख्यांपासून असलेले भय मला किरकोळ वाटते, कारण त्यांचे उपद्रव एका कळीसरशी मागे घेता येतात. जेथे लिहिणारे थोडे आणि पहारा करणारे त्याहून थोडे, तेथे दोन-चार निष्ठावंतांच्या खांद्यावर सर्व भार वर्षानुवर्षे राहतो, त्यांच्या अधिकारास मुदत नसते, आणि त्यांच्या निर्णयांची नोंद सर्वांस खुली असूनही ती उघडून वाचणारा कोणी नसतो. धोका संभवतो तो या अवस्थेत, मग ती माणसे कितीही सज्जन असोत. लहान प्रकल्पांत प्रचालकत्व कायमचे न देता तीन महिने, सहा महिने किंवा वर्षभर अशा मुदतीने देण्याची रीत विकिपीडियाच्या सर्वभाषिक कारभाऱ्यांनी पाडली आहे. आणि सलग दोन वर्षे ज्याने काहीच काम केले नाही, त्याचे अधिकार विचारणा करून काढून घेण्याची तजवीजही आहे. मराठीतील संस्थांनी, मग ते सामाईक शब्दकोशाचे काम असो, ग्रंथसंग्रहालयाची अंकीय सूची असो की परदेशस्थ महाराष्ट्र मंडळांचे सामाईक दप्तर असो, निदान ही मुदतीची अट आपल्या घटनेत घालून घ्यावी: प्रत्येक किल्लीवर परत करण्याची तारीख असावी, त्या तारखेस धारकाने पुन्हा अर्ज करावा, आणि तो अर्ज मंजूर करणाऱ्यांत ज्यांचे लिखाण त्याने कधी खोडले असेल अशांपैकी एकजण तरी असावा.